तक्ता बरोबर असेल, पण पिशव्या कोण उचलणार?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. गेल्या दोन वर्षांत किराण्याचा खर्च बराच वाढलाय. आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा थोडं लांब एक दुसरं आहे, ते स्वस्त आहे असं सगळे म्हणतात. मी वीस वस्तूंचे भाव घेऊन तक्ता केला. तिथे बिल साधारण 15 टक्क्यांनी कमी येईल. पत्नीला तक्ता दाखवला तर ती म्हणाली, ‘मला तिथे जायचं नाही’, आणि विषय तिथेच संपला. खरेदी बहुतेक वेळा तीच करते. आकडे समोर दिसत असताना माणूस नाही कसं म्हणू शकतो? तिला कसं पटवून देऊ?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : ‘खरेदी बहुतेक वेळा तीच करते.’ घरखर्चावरून खटके उडणाऱ्या जोडप्यांबरोबर मी बरीच वर्षं काम करते. दुकान बदलण्याचा वाद समोर आला की दोन गोष्टी आधी विचारते. बदल सुचवला कुणी, आणि तिथे जाणार कोण? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर तो वाद सहसा माझ्यापर्यंत येतच नाही.

पटवण्याबद्दल पुढे बोलू. आधी तुमचा तक्ता बघू, कारण तो तुम्हाला वाटतो तेवढा भक्कम नाही.

वीस वस्तू कशा निवडल्यात? बहुतेक जण ज्यांचे भाव डोक्यात पक्के असतात त्याच वस्तू घेतात. गंमत अशी की दुकान चालवणाऱ्यांनाही त्याच वस्तू पाठ असतात. 1930 साली मायकेल कलन नावाच्या माणसाने, तो तेव्हा अमेरिकेत क्रोगर या साखळी दुकानांच्या कंपनीत नोकरीला होता, वरिष्ठांना पत्र लिहून मोठ्या, स्वस्त दुकानाची कल्पना मांडली. हिशेब असा होता : 300 वस्तू खरेदीच्याच भावात विकायच्या, 200 वस्तूंवर 5 टक्के चढवायचे, 300 वर 15 टक्के आणि आणखी 300 वर 20 टक्के. कंपनीने दाद दिली नाही, म्हणून त्याने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्वतःचं दुकान थाटलं. सुपरमार्केट हा प्रकार रुळण्यात त्या दुकानाचा मोठा वाटा मानतात. पहिल्या 300 वस्तू गिऱ्हाईक आत आणतात आणि बाकीच्या दुकान चालवतात, ही युक्ती अजून जुनी झालेली नाही. तुमच्या वीस वस्तू त्या पहिल्या गटातल्या असतील तर तुमचे 15 टक्के फक्त त्या गटापुरते खरे आहेत. अख्ख्या पिशवीबद्दल तुमचा तक्ता काहीच सांगत नाही.

दुसरी अडचण वजनाची. वेष्टन सारखंच दिसतं, आतला माल कमी असतो. तुलना पाकिटाच्या किमतीची नको, किलोच्या किंवा लिटरच्या भावाची हवी. युरोपीय संघाने 1998 साली निर्देश काढून दुकानांना हा एककाचा भाव लिहायला लावला, तो उगाच नाही. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हेही गृहीत धरू नका. कधीकधी ते लहान पाकिटापेक्षा महाग असतं, आणि स्वस्त असलं तरी त्यातलं चौथा हिस्सा कचऱ्यात गेलं तर हिशेब उलटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 60 टक्के दुकानांत किंवा हॉटेलांत नव्हे, घरांत.

तिसरी अडचण खेपेची. 1998 साली डेव्हिड बेल, टेक-हुआ हो आणि ख्रिस्तोफर टँग यांनी खरेदीच्या खर्चाचे दोन भाग पाडून दाखवले. एक भाग तुम्ही काय आणि किती घेता त्यावर बदलतो. दुसरा तुम्ही एक वस्तू घ्या की पन्नास, लागतोच : जाण्यायेण्याचा वेळ, वाहनाचा खर्च, दुकानाबद्दलची आवडनावड. पिशवी मोठी असेल तर हा दुसरा भाग पसरून जातो. लहान असेल तर तोच बचत खातो. त्यात स्वस्त दुकानात तुमच्या नेहमीच्या चार-पाच वस्तू मिळाल्या नाहीत तर त्यांच्यासाठी जुन्या दुकानात एक खेप होतेच. दोन दुकानं, दोन रांगा. नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून तक्ता नव्याने करा. गेल्या महिन्याची सगळी बिलं घ्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या वस्तूंवर खूण करा. बिलाचा मोठा भाग त्यांचाच असतो. त्यांचे एककाचे भाव दोन्हीकडे बघा आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. पहिल्या तक्त्यातली बचत पूर्ण टिकल्याचं मी क्वचित पाहिलंय. ती शून्यावर येते असंही क्वचितच होतं.

हे काम दोघांनी आठवणीवर करू नका. 1990 साली पीटर डिक्सन आणि ॲलन सॉयर यांनी एक साधा प्रयोग छापला. सुपरमार्केटमध्ये माणसाने वस्तू गाडीत टाकली, की लगेच त्याला तिची किंमत विचारायची. निम्म्याहून कमी लोकांना ती बरोबर सांगता आली. तेव्हा ‘तिथे सगळं स्वस्तच असतं’ आणि ‘काही फरक नसतो, मी बघितलंय’ ही दोन्ही वाक्यं बिल हातात येईपर्यंत सारखीच कच्ची.

इथे थोडं वळण घेते, कारण दुकानाच्या नावावरून भांडणाऱ्या जोडप्यांना हे सहसा सुचत नाही. बचतीचा बराच भाग दुकान न बदलताही मिळू शकतो : आहे त्याच दुकानात कंपनीचा ब्रँड सोडून दुकानाचा स्वतःचा ब्रँड घ्या. मॅथ्यू जेंट्झकाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली अमेरिकेतली खरेदीची आकडेवारी तपासली. डोकेदुखीच्या गोळ्या घेताना सर्वसाधारण गिऱ्हाईक 26 टक्के वेळा नामांकित ब्रँड घेत होतं, औषधनिर्माते स्वतःसाठी घेताना फक्त 9 टक्के वेळा. मीठ-साखरेसारख्या सामानात व्यावसायिक स्वयंपाकी नामांकित ब्रँडवर इतरांपेक्षा 12 टक्के-बिंदूंनी कमी खर्च करत होते. ज्यांना आतलं माहीत असतं ते नावाला कमी पैसे देतात. सगळ्याच वस्तूंत हे चालतं असं नाही, जीभ काही बाबतींत ऐकत नाही. पण घरच्या घरी वेष्टन काढून, कुठलं कुठलं ते न सांगता दोन्ही समोर ठेवून बघा. निकाल दोघांनाही चकित करतो, आणि त्यात कुणी हरत नाही.

आता ‘मला तिथे जायचं नाही’ या वाक्याकडे येऊ.

तुम्ही ते ‘मला बचत करायची नाही’ असं ऐकलंत. त्या तसं म्हणाल्याच नाहीत. शब्दशः घेतलं तर त्या म्हणाल्या की त्यांना *तिथे जायचं* नाही. पार्किंगची कटकट असेल, संध्याकाळची गर्दी असेल, कर्मचारी खेकसत असतील, येताना रस्ता सुनसान असेल. तुम्ही विचारलंत का? मला वाटतं तुम्ही तक्ता पुढे केलात.

त्यामागे आणखी एक गोष्ट असते जी त्यांनाही चटकन शब्दांत सांगता येणार नाही. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 साली घरकामाच्या डोक्यातल्या भागावर एक निबंध लिहिला. तो भाग त्यांनी चार तुकड्यांत मांडला : काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि नंतर ते नीट चाललंय ना यावर लक्ष ठेवणं. निर्णय घेण्यात नवरा-बायको बरेचसे बरोबरीने होते. आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं मात्र जास्त करून बायकांकडे होतं. निर्णय सगळ्यांना दिसतो, मागचं-पुढचं दिसत नाही. तुम्ही जो तक्ता केलात तो दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यातला. तो तुम्ही मनापासून केलात यात शंका नाही. पण नव्या दुकानात गेल्यावर पहिला आणि चौथा तुकडा पुन्हा शून्यापासून उभा करावा लागेल. कोणती वस्तू कुठल्या रांगेत, कोणता पर्याय घरात खपतो आणि कोणता तसाच पडून राहतो, कोणत्या वारी गर्दी कमी, काय कधी संपतं. हे सगळं त्यांनी जुन्या दुकानात वर्षानुवर्षं बसवलंय आणि आता ते विचार न करता चालतं. नव्या दुकानात अर्ध्या तासाच्या कामाला पहिले काही आठवडे दुप्पट वेळ लागेल, वर घरी आल्यावर ‘हे का नाही आणलं?’ हा प्रश्न त्यांनाच.

म्हणजे बचत जमा होते दोघांच्या खात्यात आणि तिची किंमत जाते एकीच्या सुट्टीच्या दिवसातून. अशा सौद्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस आकडे कळत नसलेला नसतो. त्याने तुमच्या तक्त्यात नसलेला रकाना पाहिलेला असतो.

तुम्ही म्हणाल, मीही घरात पुष्कळ करतो. करत असाल. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामातला तुमचा वाटा किती. बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कुणी बोलत नव्हतं. आपण केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं नजरेआड जातं.

त्यात तक्ता दाखवण्याची पद्धत. खर्च करणाऱ्याच्या हातात खर्चाचा तक्ता आला की तो ‘इतके दिवस तू जास्त पैसे उडवत होतीस’ असाच वाचला जातो, खाली तसं लिहिलेलं नसलं तरी. सिबिल करेर आणि जॉन गॉटमन यांनी 1999 साली नवविवाहित जोडप्यांच्या वादांच्या चित्रफिती तपासल्या. वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतल्या वागण्यावरून, पुढे कोणती लग्नं मोडली याचा अंदाज बांधता येत होता. सुरुवात बोचरी झाली की पुढचं सहसा सावरत नाही. तुमची सुरुवात कडवट नव्हती, मान्य. पण ती निकालासारखी होती.

पुन्हा बोलाल तेव्हा तक्ता घरातच राहू द्या. असं काहीतरी म्हणा : ‘खर्च वाढतोय त्याची मला काळजी वाटते. दुकान बदलायचं माझ्या डोक्यात आलं, पण जाणार तू, हे मी धरलंच नव्हतं. तिथे जाण्यात तुला नेमका त्रास कशाचा?’ मग गप्प बसा. उत्तर आलं की त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला तोडगा सुचवायची घाई करू नका. हे मी खास तुमच्यासारख्या तक्ता करणाऱ्या माणसांना सांगते.

उत्तर दुकानाबद्दल नसूही शकतं. काहींना ‘स्वस्त दुकान’ म्हटलं की लहानपणची ओढाताण आठवते आणि तिथे परत जायचं नसतं. काहींना उलट महाग दुकानात गेलं की अपराधी वाटतं. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 2008 साली माणसांची एक मोजपट्टी मांडली : एका टोकाला पैसे देताना ज्यांना कळ जास्त लागते ते, दुसऱ्या टोकाला ज्यांना फारच कमी लागते ते. पुढे 2011 मध्ये रिक आणि इतरांना असंही दिसलं की ही दोन टोकं एकमेकांशी लग्न करण्याकडे कलतात, आणि मग पैशावरून त्यांची भांडणंही जास्त होतात. हे वाचून ‘तू उधळी, मी काटकसरी’ अशा पाट्या मात्र लावू नका. पाटी लागली की माणूस पाटीसारखाच वागतो.

आता माझा सल्ला. जो बदल सुचवतो त्याने पहिले सहा आठवडे खरेदी करावी. म्हणजे तुम्ही.

‘बरोबर येतो’ किंवा ‘पिशव्या गाडीतून वर आणतो’ याला मी खरेदी म्हणत नाही. घरात काय संपत आलंय ते बघणं, यादी करणं, जाणं, तिथे एखादी वस्तू नसेल तर तिच्या जागी काय चालेल ते ठरवणं, आणून जागच्या जागी लावणं, आणि विसरलेल्याबद्दल ऐकून घेणं, हे सगळं तुमचं. दुकानातून दर पाच मिनिटांनी फोन करून ‘कोणतं घेऊ?’ विचारलंत तर काम अजून त्यांच्याच डोक्यात आहे असं समजा. त्यांच्याकडूनही एक कबुली घ्या : या सहा आठवड्यांत त्यांनी मागे उभं राहून तपासणी करायची नाही. काही चुकीचं आलं तर आलं. हे पाळणं तुमच्या कामाहून सोपं नाही.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिली : प्रत्येकाच्या पाच वस्तू अभय. त्यांचा ब्रँड बदलायचा नाही, भावाची चर्चा करायची नाही. हरवलेल्या गोष्टीचं दुःख तेवढ्याच मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 सालीच मांडून ठेवलंय. आवडीची एक वस्तू ताटातून गेली की महिन्याची बचत कुणाला आठवत नाही.

दुसरी : किती वाचलं तर हे सगळं करण्यासारखं आहे, तो आकडा आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलात तर प्रत्येक जण आपल्या मताला सोयीचा आकडा धरेल.

तिसरी, आणि बहुतेक जण ही विसरतात : वाचलेले पैसे जाणार कुठे? रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1985 च्या एका निबंधात त्यांनी दाखवलं होतं की माणसं मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतात आणि कप्प्यानुसार वागतात. किराण्यात वाचलेले पैसे त्याच खात्यात पडून राहिले तर महिनाअखेर ते दुसऱ्याच कशात विरघळतात, आणि सहा आठवड्यांनी दोघंही म्हणतात, ‘काही फरक पडला नाही.’ दर खेपेनंतरचा फरक वेगळा काढा. त्याचं काय करायचं हे पत्नीला ठरवू द्या.

तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच कंटाळून जुन्या दुकानात शिरलात, तर तक्त्यात कोणता रकाना राहिला होता ते तुम्हाला कुणी सांगायला नको. टिकलात आणि आकडा गाठलात, तर बोलायला खरी बिलं हातात असतील. तेव्हाही ‘आता तू जा’ असं म्हणू नका. वाटून घ्या. टिकणारं सामान, साबण, सफाईचं वगैरे तुम्ही महिन्यातून एकदा तिकडून आणा, आणि आठवड्याचं ताजं त्या जवळून आणतील. बऱ्याच घरांत शेवटी हेच बसतं. मोठी पिशवी दूरच्या स्वस्त दुकानात आणि लहान पिशवी जवळच्या दुकानात, ही विभागणी वर सांगितलेल्या खेपेच्या हिशेबातही बसते.

थोडं तुमच्या परिस्थितीबद्दल. दोघांचे पगार आहेत, तेव्हा किराणा हाच तुमचा सगळ्यात मोठा गळका नळ आहे का हे एकदा तपासा. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलेला नियम अजून टिकून आहे : उत्पन्न वाढतं तसा त्यातला अन्नाचा वाटा घटतो. पण किराण्याचं बिल दर आठवड्याला डोळ्यांसमोर येतं, म्हणून राग त्याच्यावर निघतो. विम्याचा हप्ता, कर्जाचा दर, न वापरलेली वर्गणी गुपचूप जात राहते. ट्वर्स्की आणि कानेमन यांनी 1981 साली लोकांना विचारलेला प्रश्न बघा : 15 डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर 5 डॉलर वाचत असतील तर वीस मिनिटं गाडी चालवत दुसऱ्या दुकानात जाल का? 68 टक्के लोक हो म्हणाले. तेच 5 डॉलर 125 डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर वाचत असतील तर? फक्त 29 टक्के. वाचणारे पैसे तेच, वीस मिनिटंही तीच.

पैशाची खरी चणचण असेल, कुणाची नोकरी गेली असेल किंवा कर्ज अंगावर येत असेल, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे सहा आठवड्यांचे प्रयोग परवडत नाहीत. दोघांनी एकत्र बसून पूर्ण महिन्याचा जमाखर्च मांडा आणि त्यात दुकानाचा निर्णय एका ओळीत घेऊन पुढे जा.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी एक जण दुसऱ्याकडून प्रत्येक बिल मागून घेत असेल, मोजून पैसे देत असेल, चुकलं तर बोलणं बंद करत असेल, तर माझं हे उत्तर त्या घरासाठी नाही. तिथे वाद दुकानाचा नसतो. घराबाहेरच्या, विश्वासातल्या कुणाशी तरी बोला, आणि ते बोलणं घरात कळवायलाच हवं असं नाही.

तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. या आठवड्याची यादी तुम्ही करा. करताना कपाटं उघडून बघा, त्यांना विचारू नका.